मांचुरियाचा डॉन क्विक्झोट

जिनीव्हाच्या राष्ट्रसंघात १९३०नंतरच्या दोनतीन वर्षांत एक कोटी प्रचलित झाली होती. जपानने चीनचा मांचुरिया प्रांत गिळंकृत केला होता, आणि त्याविरुद्ध सर्वांत स्पष्ट बोलणारा प्रतिनिधी चीनच्या शेजारच्या कोणत्या देशाचा नव्हता, तर दूरच्या स्पेनचा होता. सेर्व्हान्तेसच्या अजरामर कादंबरीचा नायक ला मांचा प्रांताचा. तेव्हा ह्या स्पॅनिश गृहस्थाला लोक ‘मांचुरियाचा डॉन क्विक्झोट’ म्हणू लागले. पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर भाला रोखणारा भाबडा वीर, असा त्यातला अर्थ. मौज अशी की, ज्याला हे नाव चिकटले त्याने स्वतः १९२६ साली ‘डॉन क्विक्झोट’ कसा वाचावा ह्याविषयी एक मार्मिक पुस्तक प्रसिद्ध केले होते. आपल्याला कोणाची उपमा दिली जात आहे, हे त्याच्याइतके चांगले त्या सभागृहात क्वचितच कोणाला कळत असेल.

हे गृहस्थ म्हणजे साल्वादोर दे मादारियागा. इंजिनियर, पत्रकार, प्राध्यापक, राजदूत, मंत्री, इतिहासकार, कादंबरीकार. आणि ब्याण्णव वर्षांच्या आयुष्यातली जवळजवळ चाळीस वर्षे स्वदेशाला पारखा झालेला निर्वासित. आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच हे नाव परिचित असेल. त्यांच्या हाती सत्ता फार थोडे दिवस होती, आणि जी होती तिचे फळही काही वेळा विपरीत आले. तरीही त्यांचे चरित्र आम्हांला सांगण्याजोगे वाटते. ते का, हे पुढील हकिगतीवरून वाचकांनीच ठरवावे.

मादारियागा यांचा जन्म २३ जुलै १८८६ रोजी स्पेनच्या वायव्य टोकाला असलेल्या ला कोरुन्या ह्या बंदरात झाला. वडील लष्करात अधिकारी होते. १८९८ साली अमेरिकेशी झालेल्या युद्धात स्पेनचा दारुण पराभव झाला. क्यूबा, पोर्टो रिको, फिलिपाइन्स ही शेवटची मोठी मुलुखगिरी हातची गेली. ह्या नामुष्कीचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावला. मादारियागांच्या वडिलांचे निदान असे की, शौर्यात आपण कमी पडलो नाही, यंत्रविद्येत कमी पडलो. सेनापती पुष्कळ झाले, आता देशाला इंजिनियर हवेत, असे ठरवून त्यांनी १९०० साली चौदा वर्षांच्या मुलाला पॅरिसला धाडले. तेथील नामांकित तंत्रविद्यालयात व पुढे खाणविद्येच्या महाविद्यालयात शिकून १९११ साली तो परत आला आणि उत्तर स्पेनच्या आगगाडी कंपनीत रुजू झाला. पुढच्याच वर्षी त्याने कॉन्स्टन्स आर्चिबाल्ड ह्या अर्थशास्त्रीय इतिहासाच्या स्कॉटिश अभ्यासिकेशी विवाह केला.

पण मन रुळांत नव्हते. दिवसा कंपनीचे काम आणि उरल्या वेळी लेखन, असे काही वर्षे चालले, आणि महायुद्ध ऐन भरात असताना १९१६ साली मादारियागा यांनी नोकरी सोडून लंडनची वाट धरली. इतकी वर्षे परदेशी ठेवून शिकवलेला मुलगा आगगाडी कंपनीतली कायमची नोकरी सोडून लेख लिहावयास जातो म्हटल्यावर घरच्यांना काय वाटले असेल, हे आमच्या वाचकांना फोड करून सांगावयास नको. लंडनमध्ये त्यांनी युद्धाविषयी लिहिले, इंग्रजी कवितांचे स्पॅनिश अनुवाद केले, शेलीपासून काल्देरोनपर्यंतच्या कवींवर निबंध लिहिले. फ्रेंच त्यांची शाळेची भाषा, स्पॅनिश आईची, आणि इंग्रजी बायकोची. तिन्ही भाषांत ते पुस्तके लिहू लागले.

१९२८ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘इंग्रज, फ्रेंच, स्पॅनिश’ हे पुस्तक ह्याच तिपेडी आयुष्यातून आले. इंग्रज हा कृतीचा माणूस, फ्रेंच विचाराचा आणि स्पॅनिश भावनेचा. म्हणून पहिल्याच्या तोंडी खिलाडूपणाची भाषा, दुसऱ्याच्या तोंडी कायद्याची व हक्काची, तर तिसऱ्याच्या तोंडी अब्रूची, असा त्यातला सिद्धांत आहे. सबंध राष्ट्राला असे एका शब्दात बसवणे आम्हांला तरी फारसे पटत नाही. पण ते लिहिणारा तिन्ही घरांत राहिलेला होता, ही गोष्ट त्या पुस्तकाच्या पानोपानी जाणवते. घरात एक भाषा आणि उंबऱ्याबाहेर दुसरी, अशा संसाराची सवय असलेल्या आमच्या वाचकांना त्याचे मोल अधिक कळेल: शेजाऱ्याची भाषा नुसती बोलता येणे निराळे, आणि तो रागावतो कशावर, लाजतो कशाला, हे कळणे निराळे.

१९२१ साली ते राष्ट्रसंघाच्या कचेरीत दाखल झाले आणि वर्षभरात निःशस्त्रीकरण विभागाचे प्रमुख झाले. महायुद्धात लक्षावधी तरुण मेले होते, आणि शस्त्रे कमी केली म्हणजे युद्धे थांबतील अशी भाबडी आशा जगभर पसरली होती. त्या विभागात पाचसहा वर्षे काढल्यावर मादारियागा यांचे मत नेमके उलटे झाले. त्यांनी मांडले की, राष्ट्रे सशस्त्र आहेत म्हणून एकमेकांवर अविश्वास दाखवीत नाहीत; अविश्वास आहे म्हणून शस्त्रे बाळगतात. तेव्हा मूळच्या तंट्यांचा निवाडा करणारी काही व्यवस्था उभी केल्यावाचून शस्त्रे टाका म्हणणे हे कडाक्याच्या थंडीत कपडे उतरवा म्हणण्यासारखे आहे. त्या काळी निःशस्त्रीकरणाच्या बैठकांच्या संदर्भात एक गोष्ट सांगितली जाई, आणि मादारियागा यांच्या नावावर ती पुष्कळ ठिकाणी आढळते. सर्व प्राण्यांची परिषद भरली. सिंहाने गरुडाकडे तिरप्या नजरेने पाहून सुचवले की पंख रद्द करावेत. गरुडाने बैलाकडे पाहून शिंगांवर बंदी मागितली. बैलाला वाघाची नखे खुपत होती. शेवटी अस्वल उठले आणि म्हणाले, सगळीच हत्यारे टाका, एकमेकांना प्रेमाने कवटाळण्याची मुभा ठेवली म्हणजे पुरे. आपल्या पंचतंत्रात ही गोष्ट घातली असती तर ती तेथे परकी वाटली नसती.

कचेरीतील काम सोडून १९२८ साली ते ऑक्सफर्डला स्पॅनिश साहित्याचे प्राध्यापक झाले. त्या अध्यासनाला स्पेनचे राजे तेरावे आल्फोन्सो यांचे नाव होते. एप्रिल १९३१ मध्ये राजेसाहेबांना देश सोडावा लागला, स्पेनमध्ये प्रजासत्ताक आले, आणि राजाच्या नावाच्या अध्यासनावरील प्राध्यापक त्याच प्रजासत्ताकाचे अमेरिकेतील राजदूत झाले. तेव्हा ते परदेशी व्याख्यानांच्या दौऱ्यावर होते. नव्या सरकारने त्यांना विचारण्याची तसदी घेतली नाही. आपण राजदूत झालो हे त्यांना वृत्तपत्रांमुळे कळले. वॉशिंग्टनला काही महिने काढून १९३२ च्या आरंभी ते पॅरिसला राजदूत म्हणून आले. पण त्यांचे खरे रणांगण जिनीव्हाच होते, कारण तेथे स्पेनची बाजू तेच मांडीत.

आता त्या मांचुरियाकडे वळू. १८ सप्टेंबर १९३१ रोजी मुकडेनजवळ जपानच्या ताब्यातील लोहमार्गावर एक क्षुल्लक स्फोट झाला. तो जपानी अधिकाऱ्यांनीच घडवला होता, हे पुढे सिद्ध झाले. पण तेवढे निमित्त पुरून जपानी फौजा सबंध प्रांतभर पसरल्या. चीनने राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. सभासदावर आक्रमण झाल्यास सर्वांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे, हे राष्ट्रसंघाच्या सनदेतील कलम ह्याच प्रसंगासाठी होते. परंतु ब्रिटनला पूर्वेकडील आपला व्यापार सांभाळायचा होता, फ्रान्सची नजर जर्मनीकडे होती, आणि अमेरिका राष्ट्रसंघात नव्हतीच. हिंदुस्थानचेही नाव सभासदांच्या यादीत होते, पण त्याचा प्रतिनिधी इंग्रज सरकारच ठरवी. तेव्हा तेथून स्वतंत्र आवाज निघणे शक्य नव्हते.

ज्यांना बोलायला भीती नव्हती ती राष्ट्रे लहान होती. १९३२ च्या डिसेंबरात स्पेन, आयर्लंड, स्वीडन व चेकोस्लोव्हाकिया ह्या चार देशांनी जपानला दोषी ठरवणारा ठराव पुढे आणला. मादारियागा यांचे म्हणणे साधे होते: हा तंटा चीन आणि जपान यांच्यातला नाही, तर जपान आणि राष्ट्रसंघ यांच्यातला आहे, येथे सनद मोडू दिली, तर उद्या ती कोणाचेच रक्षण करणार नाही. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर जॉन सायमन यांनी मात्र असे मवाळ भाषण केले की जपानचे प्रतिनिधी मात्सुओका खूश झाले. अखेरीस २४ फेब्रुवारी १९३३ रोजी जपानवर ठपका ठेवणारा अहवाल ४२ विरुद्ध १ मताने मंजूर झाला. विरोधी मत अर्थात जपानचे. मात्सुओका सभागृहातून उठून गेले, पुढच्याच महिन्यात जपानने राष्ट्रसंघ सोडण्याची नोटीस दिली, आणि मांचुरिया १९४५ पर्यंत जपानच्याच मुठीत राहिला. लहान राष्ट्रांच्या वकिलाने फिर्याद जिंकली. पण तिची अंमलबजावणी करायला शिपाईच नव्हता.

ह्यापुढचा भाग त्यांच्या चरित्रातला सर्वांत अवघड, आणि आम्हांला तरी सर्वांत बोलका वाटतो. मार्च १९३४ मध्ये पंतप्रधान लेरूक्स यांनी मादारियागा यांना सार्वजनिक शिक्षण व ललितकला खात्याचे मंत्री केले. ते कोणत्याही पक्षाचे बांधील नव्हते, आणि मंत्रिपद टिकले अवघे आठ आठवडे. एवढ्या अवधीत शिक्षणखात्यात कोण काय करणार? पण एप्रिलच्या मध्यास न्यायमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला आणि ते खातेही तात्पुरते मादारियागा यांच्याकडे आले. नेमका त्याच वेळी संसदेत सार्वत्रिक माफीचा कायदा चालू होता. ऑगस्ट १९३२ मध्ये जनरल सान्हुर्हो यांनी प्रजासत्ताकाविरुद्ध बंड केले होते. ते फसले, सान्हुर्होंना देहदंड झाला आणि तो रद्द होऊन आजन्म कारावास मिळाला. आता उजव्या पक्षांच्या आग्रहास्तव त्यांना व त्यांच्या साथीदारांना सोडण्याचा हा कायदा होता. तो मादारियागांनी आखला नव्हता. पण न्यायमंत्री ह्या नात्याने तो पार पाडण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली, आणि ती त्यांनी पार पाडली.

राष्ट्राध्यक्ष आल्काला सामोरा यांना हा कायदा मुळीच पसंत नव्हता. त्यांनी सही केली, पण आपले आक्षेप सविस्तर लिहून जोडले. ह्या अपमानावरून लेरूक्स मंत्रिमंडळ कोसळले आणि मादारियागा यांची मंत्रिपदाची कारकीर्द एप्रिलअखेर संपली. सान्हुर्हो सुटून पोर्तुगालला गेले. दोन वर्षांनी, जुलै १९३६ मध्ये, सैन्याने पुन्हा बंड केले तेव्हा त्याचे नेतृत्व करण्यासाठी ह्याच सान्हुर्होंना बोलावणे गेले. स्पेनला येण्यासाठी ते विमानात बसले. विमान उडताच कोसळले आणि ते जळून ठार झाले. सामानाच्या जड पेट्यांमुळे ते कोसळले असे सांगतात. त्यांची जागा पुढे जनरल फ्रँको यांनी घेतली.

बंडखोराला क्षमा करणे हे उदारमतवाद्याला शोभते, आणि सूड घेत बसलेले प्रजासत्ताक फार काळ टिकत नाही, हेही खरे. पण क्षमा मागणाऱ्याला करावी, संधीची वाट पाहणाऱ्याला नव्हे. आमच्या मते त्या प्रसंगी म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्षांचे डोळे मंत्र्यापेक्षा अधिक उघडे होते. जिनीव्हात सनद मोडणाऱ्याला शासन झालेच पाहिजे असे बजावणाऱ्या माणसाने माद्रिदमध्ये ती मोडणाऱ्यांच्या सुटकेवर शिक्कामोर्तब करावे, ही विसंगती त्यांच्या चाहत्यांनाही नाकारता येणार नाही. मात्र एकतर्फी निवाडाही नको. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डाव्या पक्षांनी अस्तुरियासच्या खाणमुलुखात सशस्त्र उठाव केला. निवडून आलेल्या सरकारविरुद्ध १९३४ साली ज्यांनी बंदुका उचलल्या, त्यांना १९३६ च्या बंडाला दोष देण्याचा नैतिक अधिकार उरला नाही, असे मादारियागा यांनी पुढे लिहिले. हे वाक्य डाव्यांनी त्यांना कधीच माफ केले नाही.

दरम्यान जिनीव्हात आणखी एक पवनचक्की उभी राहिली होती. मुसोलिनीने इथिओपियावर डोळा ठेवला. सप्टेंबर १९३५ मध्ये राष्ट्रसंघाने नेमलेल्या पाच जणांच्या समितीचे अध्यक्षपद मादारियागा यांना देण्यात आले. इथिओपियाला आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली साहाय्य द्यावे अशी योजना समितीने सुचवली. इटलीने ती फेटाळली आणि ३ ऑक्टोबरला स्वारी केली. इटलीवर आर्थिक बहिष्कार पुकारला गेला, पण ज्यावाचून रणगाडे व विमाने चालत नाहीत ते खनिज तेल तेवढे त्यातून वगळले होते! मे १९३६ मध्ये आदिस अबाबा पडले. त्याच वर्षी मादारियागा जिनीव्हाच्या कामातून निवृत्त झाले.

आणि जुलैत स्पेनमध्ये यादवी पेटली. मादारियागा देशाबाहेर पडले आणि इंग्लंडला स्थायिक झाले. फ्रँकोच्या बाजूला ते उदारमतवादी म्हणून नकोसे, आणि प्रजासत्ताकाच्या बाजूला क्रांतीचे विरोधक म्हणून नकोसे. दोन्हीकडून शिव्या खाण्याचे त्यांच्या नशिबी आले. ह्या परिस्थितीचे त्यांनी केलेले वर्णन मार्मिक आहे. स्पेनपुढे तीन फ्रान्सिस्को उभे होते, असे ते म्हणत. एक सेनापती फ्रान्सिस्को फ्रँको. दुसरे कामगार पुढारी फ्रान्सिस्को लार्गो काबायेरो. आणि तिसरे, १९१५ सालीच वारलेले शिक्षणमहर्षी फ्रान्सिस्को हिनेर, ज्यांनी १८७६ मध्ये माद्रिदला सरकार आणि चर्च या दोहोंपासून स्वतंत्र अशी शाळा काढून दोन पिढ्या घडवल्या. पहिल्या दोघांनी मिळून तिसऱ्याचा स्पेन चिरडला. ह्या ‘तिसऱ्या स्पेन’चे आपण नागरिक, अशी मादारियागा यांची भावना होती. त्या देशाला ना सैन्य होते, ना भूमी.

निर्वासिताच्या आयुष्यात त्यांनी लेखणी मात्र एक दिवस खाली ठेवली नाही. कोलंबस, कोर्तेस आणि बोलीव्हार यांची चरित्रे, मेक्सिकोच्या पाडावावरील प्रचंड कादंबरी, दुसऱ्या महायुद्धात लॅटिन अमेरिकेसाठी बी.बी.सी.वरून भाषणे, असा त्यांचा व्यासंग चालू राहिला. १९४७ साली ऑक्सफर्डला उदारमतवादी पक्षांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. १९४८ च्या हेग परिषदेत त्यांनी संयुक्त युरोपचा पुरस्कार केला, आणि तेथील कल्पनेतून पुढच्या वर्षी बेल्जियममधील ब्रूझ येथे निघालेल्या युरोपीय महाविद्यालयाच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. त्यांच्या दोन कन्यांपैकी इसाबेल दे मादारियागा यांनी रशियाच्या राणी कॅथेरिनच्या कालखंडावर इतिहासग्रंथ लिहून स्वतंत्र कीर्ती मिळवली.

जून १९६२ मध्ये म्यूनिकला युरोपीय चळवळीचे अधिवेशन भरले, तेव्हा स्पेनचे ११८ प्रतिनिधी तेथे जमले. काही निर्वासित, तर काही देशातून आलेले. उजव्या पक्षाचे जुने पुढारी हिल रोब्लेस, ज्यांच्या पक्षाने १९३४ मध्ये माफीचा आग्रह धरला होता, तेही आले होते. यादवीत एकमेकांविरुद्ध उभे राहिलेल्यांनी लोकशाहीच्या मागणीवर एकमत केले, आणि १९३६ चे युद्ध आज येथे संपले अशा आशयाचे उद्गार मादारियागा यांनी काढले. फ्रँकोच्या वृत्तपत्रांनी ह्याला कारस्थान ठरवून शिव्यांची लाखोली वाहिली. परतलेल्यांपैकी कित्येकांना कॅनरी बेटांवर पाठवण्यात आले, तर हिल रोब्लेस यांना परदेशीच राहावे लागले. पंचाहत्तरी गाठलेल्या मादारियागा यांना हद्दपारी नवी नव्हती.

एक धागा मात्र माद्रिदशी जोडलेला राहिला होता. १९३६ साली स्पॅनिश भाषेच्या राजमान्य अकादमीने त्यांना सदस्य निवडले होते. तेथे नुसती निवड पुरत नाही. समारंभपूर्वक भाषण करून आसनावर बसावे लागते. भाषणापूर्वीच यादवी आली. १९४१ मध्ये सरकारने फर्मान काढले की निर्वासित सदस्यांची नावे कमी करावीत. त्या यादीत मादारियागा यांच्याबरोबर माजी राष्ट्राध्यक्ष आल्काला सामोराही होते. माफीच्या कायद्यावरून ज्यांचा खटका उडाला ते दोघेही आता एकाच पंक्तीला आले होते. अकादमीने फर्मान मुकाट्याने ऐकले, पण त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. आल्काला सामोरा १९४९ मध्ये ब्वेनोस आयरिसला वारले. मादारियागा यांचे ‘एम्’ अक्षराचे आसन रिकामेच राहिले.

फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ रोजी मरण पावले. पुढील एप्रिलमध्ये मादारियागा स्पेनला आले, आणि २ मे १९७६ रोजी, निवड झाल्यानंतर चाळीस वर्षांनी, एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांनी आपले प्रवेशभाषण केले. विषय ना हद्दपारी, ना फ्रँको. खाणविद्या शिकून आलेल्या ह्या साहित्यिकाने विज्ञानातील सौंदर्यावर भाषण केले.

कायमचे राहावयास मात्र ते परतले नाहीत. १९७० मध्ये पहिल्या पत्नीचे निधन झाल्यावर त्यांनी आपल्या दीर्घकाळच्या सहकारी, हंगेरीच्या एमिलिया यांच्याशी विवाह केला होता, आणि स्वित्झर्लंडमधील लोकार्नो येथे सरोवराकाठी त्यांचे बिऱ्हाड होते. ६ डिसेंबर १९७८ रोजी स्पेनच्या जनतेने मतदान करून लोकशाही राज्यघटना स्वीकारली. त्यानंतर आठच दिवसांनी, १४ डिसेंबरला, मादारियागा यांनी लोकार्नोला देह ठेवला.